वीस मिनिटांचा टायमर हवा मोजत नाही

गॅस गिझरच्या खोक्यावर ‘ऑटो कट-ऑफ’ असं ठळक छापलेलं असतं. दुकानदारही तेवढंच सांगतो, “काळजी नको, आपोआप बंद होतो.” कशामुळे बंद होतो, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच. बऱ्याच स्वस्त गिझरमध्ये हे आपोआप बंद होणं म्हणजे निव्वळ घड्याळ असतं. वीस मिनिटं भरली की ज्योत विझते. तोटी बंद करून परत उघडली की पुन्हा वीस मिनिटं मोकळी. बाथरूममधल्या हवेत काय चाललंय, याचा त्या घड्याळाला पत्ता नसतो.

हिशेब मांडून बघू. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. पूर्ण क्षमतेवर त्याला तासाला एक किलोच्या आसपास एलपीजी लागतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा हवी. आता आपल्याकडचं नेहमीचं बाथरूम घ्या: चार बाय सहा, उंची आठ फूट. १९२ घनफूट, म्हणजे साडेपाच घनमीटरसुद्धा पूर्ण भरत नाही. दार लावलं, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला थंडी वाजते म्हणून झरोक्यात पुठ्ठा खोचला, आणि गिझर आतच आहे. अशा बंद खोलीत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला साडेतीन मिनिटं पुरतात. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, त्यामुळे प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागेल, हे मान्य. पण वीस मिनिटांशी त्याची तुलनाच नाही. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत सव्वातीन घनमीटर हवा जळणात जाते. बाथरूममधली निम्म्याहून जास्त.

ऑक्सिजन कमी पडला की ज्योत लगेच विझत नाही. ती आधी अर्धवट जळायला लागते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकाला काही कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं. हवेत ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) असेल तर एक-दोन तासांत डोकं दुखतं. १,६०० पीपीएमला वीस मिनिटांत डोकेदुखी आणि चक्कर सुरू होते, आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. त्याच्याही वर गेलं तर माणूस आधी खाली कोसळतो, मग कळतं. मेंदूविकार तज्ज्ञांमध्ये याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे, कारण बाथरूममध्ये फिट आली म्हणून येणाऱ्या काही रुग्णांचं मूळ हेच निघतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ते खोटं बोलतं. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून माणूस बेशुद्ध पडलेला असला तरी पडद्यावर ९८ दिसू शकतात. त्यावर विसंबू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता. रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन, मुद्दाम तपासावं लागतं. कुणी सुचवल्याशिवाय ते सुचेलच असं नाही.

गिझरच्या आत काय काय बंद करतं

पुढचं झाकण उघडलं की चार वेगवेगळे पहारेकरी दिसतात. गंमत म्हणजे प्रत्येकाची नजर फक्त आपापल्या एका गोष्टीवर.

पहिला पाण्याचा रबरी पडदा. तोटी उघडली की पाण्याच्या दाबाने तो सरकतो, मायक्रोस्विच दाबतो आणि गॅस सुटतो. पाणी थांबलं की गॅस बंद. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, सगळी घरं गच्चीवरच्या टाकीवर चालतात. टाकी गिझरपेक्षा दोन-तीन मीटर तरी उंच नसेल तर पडदा अर्धवट सरकतो आणि गिझर लागतो-विझतो करत राहतो. लोक याला ‘सेन्सर खराब झाला’ म्हणतात. सेन्सरचा इथे काही संबंध नाही.

दुसरी ज्योतीजवळची बारीक सळई. ज्योतीतून अतिशय लहान विद्युतप्रवाह वाहतो, तो मिळत राहिला तर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह, उघडा राहतो. ज्योत विझली की काही सेकंदांत गॅस तुटतो. म्हणजे न जळलेला गॅस बाहेर येऊ नये म्हणून ही व्यवस्था. हवा खराब होऊनही ज्योत जळत असेल, तर सळईच्या मते सगळं छान चाललंय. खाली दोन मोठे सेल असतात, मिळून तीन व्होल्टचे. ते उतरले की ठिणगी टिकटिक वाजते पण ज्योत धरत नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी सेल बदलून बघा.

तिसरा तांब्याच्या भांड्यावर चिकटवलेला तापमानाचा स्विच. पाणी उकळायला आलं की तोडतो. बोअरच्या जड पाण्याने नळीत क्षार साचतात, प्रवाह कमी होतो, मग हा वारंवार उडतो. लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून ते अर्धा-पाऊण तास नळीत फिरवलं की बराच क्षार सुटतो. नंतर साधं पाणी भरपूर सोडायचं.

चौथा म्हणजे ते घड्याळ.

या चौघांपैकी हवेकडे बघणारा एकही नाही. त्यासाठी पाचवा असावा लागतो: ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा, ज्याला ओडीएस म्हणतात. गिझर घेताना खोक्यावरची जाहिरात वाचत बसू नका, आतल्या माहितीपुस्तिकेत हा शब्द आहे का ते बघा. ‘फ्लेम फेल्युअर’ असं लिहिलेलं असेल तर ती वर सांगितलेली सळई. ती ओडीएस नव्हे.

ओडीएस कसा चालतो, आणि कसा मारला जातो

यात कसलीही चिप नसते. एक छोटी पायलट ज्योत असते आणि तिच्या टोकाला थर्मोकपल, म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा. सांधा तापला की वीस-तीस मिलिव्होल्ट वीज तयार होते. एवढीशी वीज एका लहान विद्युतचुंबकाला पुरते, आणि तो चुंबक स्प्रिंगला दाबून गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरतो. पायलटचं जेट इतकं काटेकोर बनवलेलं असतं की हवेतला ऑक्सिजन घटला की ज्योत नोझलपासून उचलली जाते, लांबते आणि थर्मोकपलच्या टोकापासून सरकते. सांधा थंड होतो, मिलिव्होल्ट पडतात, चुंबक सुटतो, स्प्रिंग गॅस बंद करते. बाहेरून वीज नको, सेल नको. धुराडं नसलेल्या हीटरसाठीच्या अमेरिकी मानकानुसार ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या खाली जाण्याआधी हे घडायला हवं.

इतकी साधी आणि इतकी शहाणी रचना दुसरी नाही, असं आमचं मत. पण तिचं सगळं शहाणपण ज्योत आणि थर्मोकपल यांच्यातल्या काही मिलिमीटरच्या अंतरात आहे. आणि सोलापुरात या अंतराचा शत्रू म्हणजे रुई. ज्या घरात किंवा शेजारी लूम चालतात, टॉवेल-चादरीची शिलाई होते, तिथे हवेत कापसाचा भुगा तरंगत असतोच. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीलगत हे सांगायलाही नको. हा भुगा पायलटच्या हवेच्या बारीक भोकात जाऊन बसतो. ज्योत पिवळी, मऊ आणि आखूड होते, थर्मोकपलपर्यंत पोचत नाही, आणि गिझर चांगल्या हवेतही विझायला लागतो.

इथून पुढे चूक होते. भोक साफ करायला झाकण काढून पंधरा मिनिटं लागतात. हवेचा फवारा मारायचा, मऊ ब्रश फिरवायचा, सुई चुकूनही घालायची नाही, कारण जेटचं भोक रुंद झालं तर ओडीएस कायमचा बिघडला. त्याऐवजी पकडीने थर्मोकपल वाकवून ज्योतीच्या जवळ आणला की पाच मिनिटांत काम होतं. गिझर झकास चालतो, गिऱ्हाईक खूश. आता ऑक्सिजन कितीही घटला तरी थर्मोकपल तापलेलाच राहणार. दुसरा प्रकार त्याहून सरळ: तापमानाच्या स्विचसारख्या पहारेकऱ्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून तो ‘डायरेक्ट’ करणं. गिझर दुरुस्त करून घेतला असेल तर मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, “काही डायरेक्ट केलंय का?” उत्तर देताना तो घुटमळला तर झाकण उघडून घ्या.

याची किंमत किती मोठी असते ते जपानमध्ये २००६ साली उघड झालं. पंख्याने धूर बाहेर फेकणारे गिझर. कंट्रोल बोर्डावरचे सोल्डरचे सांधे तडकून ते वारंवार बंद पडायचे, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी सुरक्षा सर्किटच बायपास केलं. पुढे कधी पंख्याची वीज तुटली तर पंखा बंद आणि ज्योत मात्र चालू. १९८५ ते २००५ या काळात अशा गिझरमुळे २१ माणसं गेली. यंत्र उगाच बंद पडतं म्हणून वैतागलेला माणूस पहारेकऱ्यालाच काढून टाकतो. म्हणूनच यंत्र उगाच बंद पडू न देणं हासुद्धा सुरक्षेचाच भाग आहे. रुई साफ करणं म्हणजे नुसती टापटीप नव्हे.

ओडीएसला न दिसणारी गोष्ट

ओडीएस ऑक्सिजन मोजतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. गिझरच्या भांड्याच्या पात्यांमध्ये काजळी बसली असेल तर धुराला वर जायला वाट राहत नाही. ज्योतीला खालून पुरेशी हवा ओढता येत नाही आणि खोलीत २०.५ टक्के ऑक्सिजन असतानाही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मुख्य बर्नरच्या एखाद्या जेटमध्ये कोळ्याचं जाळं असेल तरी तसंच. पायलट मात्र स्वच्छ, निळी. ओडीएसच्या मते हवा उत्तम.

डोळ्यांनी ओळखायची खूण एकच, ज्योतीचा रंग. निळी आणि आवाज न करणारी हवी. पिवळी टोकं, भांड्याभोवती काळे डाग किंवा वरच्या टाइल्सवर राखाडी सावली दिसली तर गिझर बंद ठेवायचा. त्यासाठी सेन्सरची वाट बघू नका.

या अंध जागेसाठी वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लागतो. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा एलपीजीच्या गळतीचं असतं. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर नसतोच. ही गफलत इतकी सर्रास होते की विकत घेताना खोक्यावर ‘सीओ’ ही अक्षरं आणि ‘ईएन ५०२९१’ हे मानक शोधा.

त्या मानकाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ३० पीपीएमला अलार्मने दोन तास गप्प राहायचं. ५० पीपीएमला एक ते दीड तासाच्या आत वाजायचं, १०० ला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो आकडा आणि वेळ दोन्ही बघतो, कारण रक्तात किती वायू साचला हे या दोन्हींवर ठरतं. फोडणी जळली म्हणून लगेच वाजत नाही तो खराब, असं समजू नका.

याच मानकात ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ असे दोन वर्ग आहेत. बी फक्त ओरडतो. ए ओरडतो आणि शिवाय बाहेरच्या यंत्राला हुकूम देणारा सिग्नल सोडतो. त्यावर पंखा लावता येतो, व्हॉल्व्ह बंद करता येतो. आपोआप गॅस तोडायचा असेल तर ‘टाइप ए’ वर्गाचाच हवा. सीलबंद बॅटरीवर चालणारे सुटसुटीत अलार्म बहुतांशी बी असतात.

सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल घ्यावा. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा एमक्यू-७ हा सेन्सर प्रयोगाच्या टेबलावर ठीक. त्याचा हीटर ६० सेकंद पाच व्होल्टवर आणि ९० सेकंद १.४ व्होल्टवर आलटून पालटून चालवावा लागतो, आणि दमट हवेत त्याचं वाचन भरकटतं. इलेक्ट्रोकेमिकल पेशीलाही एक खोड आहे: हायड्रोजनलाही ती कार्बन मोनॉक्साइडच समजते. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. लोडशेडिंगनंतर वीज आली आणि तासाभरात अलार्म वाजला, असं दोनदा झालं तर आधी इन्व्हर्टर कुठे ठेवलाय ते बघा.

कुठे लावायचा

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, खाली बसतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका आणि गरम धुरासोबत वर जातो. त्याचा अलार्म वर, छतापासून १५ सेंटिमीटर खाली पण दाराच्या चौकटीपेक्षा उंच, आणि उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर. दोघांना एकाच उंचीवर शेजारी शेजारी लावलं तर दिसायला सुबक, पण त्यातला एक बिनकामाचा.

बाथरूमच्या आत अलार्म लावू नका. वाफेने सेन्सर मरतो. मग बाथरूममधल्या गिझरचं काय? आमचं उत्तर ठरलेलं आहे: गिझर बाथरूममध्ये ठेवायचाच नाही. बाहेरच्या भिंतीवर, गॅलरीत किंवा उघड्या डक्टमध्ये टांगायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणायची. तीन-चार मीटर जास्त नळी आणि सुरुवातीचं बादलीभर गार पाणी, एवढाच तोटा. दोन खोल्यांच्या घरात जागा नसते, हे खरं. पण जागा नसेल तर विजेचा गिझर किंवा गच्चीवर सोलर बसवा. सोलापूरच्या उन्हात सोलर वर्षातले बहुतेक दिवस चालतो.

एक्झॉस्ट फॅनची गोष्ट वेगळी आणि उलटी. गिझरला धुराडं असेल आणि बाथरूमला खालून हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा ती हवा धुराड्यातूनच ओढतो. धूर वर जायच्या ऐवजी खाली येतो. आधी दारात खाली जाळी, मग पंखा.

व्हॉल्व्ह

अलार्मच्या सिग्नलवर गॅस तोडणारा व्हॉल्व्ह घेताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

घरगुती रेग्युलेटरनंतर गॅसचा दाब फक्त ३० मिलिबारच्या आसपास असतो. वॉटर प्युरिफायरच्या किंवा ठिबकच्या दुकानात मिळणारे बरेच सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडायला ३०० मिलिबार किंवा जास्त दाब मागतात, कारण ते आतल्या पडद्यावरच्या दाबाने उघडतात. गॅसवर बसवले की कॉइल टक् करते, गॅस येत नाही, आणि बसवणारा कॉइल बदलत बसतो. ‘डायरेक्ट अ‍ॅक्टिंग’, शून्य दाबफरकावर उघडणारा व्हॉल्व्ह हवा. आतलं सील नायट्राइल रबराचं हवं. ईपीडीएम हे रबर एलपीजीने फुगतं. गॅससाठीच बनवलेल्या व्हॉल्व्हवर ‘ईएन १६१’ लिहिलेलं असतं. तासाला किलोभर गॅससाठी अर्धा इंची पुरतो, पण शेगडी आणि गिझर एकाच लाइनवर असतील तर दोन्हींचा गॅस मिळून धरा.

दुसरा प्रश्न, वीज गेल्यावर काय? ‘नॉर्मली क्लोज्ड’ व्हॉल्व्ह विजेवर उघडा राहतो, वीज गेली की बंद. सुरक्षेच्या बाजूने हाच बरोबर. पण नुसता हा लावला तर वेगळाच धोका उभा राहतो. दुपारी वीज जाते, शेगडीवरची डाळ थांबते, बाई बटण न फिरवता बाहेर जातात. वीज येते, व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि न पेटलेल्या बर्नरमधून गॅस वाहायला लागतो. म्हणून ‘मॅन्युअल रिसेट’ सक्तीचा: एकदा बंद झाला की माणसाने हाताने खुंटी ओढल्याशिवाय उघडता कामा नये. यावर तडजोड नाही.

काही डिटेक्टरसोबत उलट प्रकारचा व्हॉल्व्ह येतो. तो विजेशिवाय उघडा राहतो आणि डिटेक्टरच्या एका झटक्याने बंद होतो. वीज गेल्यावर स्वयंपाक थांबत नाही म्हणून लोकांना आवडतो. पण डिटेक्टरची तार तुटली किंवा अ‍ॅडॉप्टर जळाला तर तो उघडाच राहणार, आणि कुणाला कळणारही नाही. आम्ही नॉर्मली क्लोज्ड घेऊन त्याला बारा व्होल्टचा, राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस देण्याच्या बाजूचे. कॉइल सहा ते दहा वॅटची असते, म्हणजे एक अँपिअरच्या आत. तासभराची वीज सहज निघते. कॉइल सतत चालू असल्यामुळे हाताला चांगलीच गरम लागते. तो बिघाड नव्हे. मात्र तिच्यावर फडकं वाळत घालू नका.

डिटेक्टरचा रिले, म्हणजे त्याच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच, असा जोडायचा की सगळं ठीक असतानाच कॉइलला वीज मिळेल. डिटेक्टर बंद पडला, तार निघाली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी गॅस बंदच व्हायला हवा. गिझरच्या आतल्या तीन व्होल्टच्या सर्किटमध्ये मात्र हात घालू नका. तो गिझरचा संसार, आपला व्हॉल्व्ह त्याच्या बाहेर, सिलिंडरच्या बाजूला. रिलेच्या डबीतही ठिणगी पडते, म्हणून ती सिलिंडरजवळ जमिनीलगत नको. भिंतीवर, वर.

नळीचं काम वितरकाच्या अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्या. रबरी नळी मधे कापून क्लिपांनी व्हॉल्व्ह बसवणं हा सोलापुरात दिसणारा जुगाड आहे, आणि गळतीची पहिली जागा तीच. भिंतीवर तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन, त्यात व्हॉल्व्ह, आणि दोन्ही टोकांना दीड मीटरच्या आतली आयएस ९५७३ ची सुरक्षा नळी. ती नळी पाच वर्षांनी बदलायची. व्हॉल्व्हवरचा बाण गॅसच्या दिशेने आहे ना, हे बसवताना बघा. काम झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा. काडी ओढून बघणारा मेकॅनिक असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा.

पंखा आपोआप लागावा का? कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर जरूर. एलपीजी गळतीच्या डिटेक्टरवर नाही. एलपीजी हवेत १.८ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि साध्या पंख्याच्या मोटरमध्ये किंवा रिलेत पडणारी ठिणगी पुरेशी असते. दोन्ही डिटेक्टर एकाच व्हॉल्व्हला हुकूम देऊ शकतात, पण पंख्याचा हुकूम फक्त एकाकडेच ठेवा.

शेगडी आणि भाकरीची खोली

चांगल्या हॉबला, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीला, प्रत्येक बर्नरजवळ थर्मोकपल असतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली की मिनिटाच्या आत गॅस बंद. उपयोगी वस्तू, पण तीही ज्योतीवरच लक्ष ठेवते.

कडक भाकरी, शेंगाचटणी, लाडू यांचा घरगुती व्यवसाय जिथे चालतो तिथे एका खोलीत दोन-तीन मोठे बर्नर सलग चार-पाच तास पेटलेले असतात. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, धूळ नको म्हणून खिडकी बंद. मोठा जाड तवा बर्नरला पूर्ण झाकून टाकतो, ज्योत त्याच्या थंड बुडावर आपटून अर्धवट जळते. दुपारी सगळ्यांचंच डोकं दुखतं, आणि उन्हाला किंवा उपाशीपोटाला दोष दिला जातो. खोलीबाहेर मोकळ्या हवेत आल्यावर अर्ध्या-एक तासात बरं वाटत असेल, तर आधी हवा तपासा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची मर्यादा एका तासासाठी घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण ३० पीपीएम. इथे टाइप बीचा आकडा दाखवणारा अलार्मही खूप सांगून जातो. तवा आणि बर्नरमध्ये अंतर वाढवा, भिंतीत खाली एक आणि वर एक अशी कायमची उघडी जाळी ठेवा. आकडा उतरताना तुम्हालाच दिसेल.

वाजला तर, आणि न वाजला तर

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला की दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर. बाथरूममध्ये कुणी असेल तर आवाज देत बसू नका, दार तोडा. कडी आतून वर लावायची सवय असेल तर ती बाहेरून उघडता येईल अशी बदलून घ्या. एलपीजीच्या वासावर मात्र दिव्याचं बटण चालूही नाही आणि बंदही नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन बाहेरूनच करा.

रिसेट करण्याआधी सगळ्या शेगड्यांची बटणं बंद, गिझरची तोटी बंद, अलार्मचा आकडा शून्यावर. मग खुंटी. लगेच परत वाजला तर परत खुंटी ओढायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

अलार्मवरचं ‘टेस्ट’ बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. पण व्हॉल्व्ह तपासायला तेवढं पुरतं. शेगडी पेटवा, टेस्ट दाबून धरा, नळीत उरलेला गॅस जळून काही सेकंदांत ज्योत विझली पाहिजे. हे महिन्यातून एकदा. उदबत्ती धरून सीओ सेन्सर ‘तपासू’ नका, डिओ मारू नका. गिझरची सफाई थंडीच्या आधी, कोजागरी झाली की करून घ्यावी: पाती, जेट, पायलट, सेल.

अलार्मच्या पाठीवर बदलण्याची तारीख छापलेली असते, सहसा पाच ते दहा वर्षांची. मिनिटाला एकदा नुसतं ‘टिक’ होत असेल तर तो गॅस नव्हे, बॅटरी संपलीय किंवा त्याचं आयुष्य. रात्री झोपमोड होते म्हणून स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवणारे खूप. तारीख बघा, नवा आणा, जुन्याच्याच स्क्रूच्या भोकांवर लावा, आणि पाठीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहा.